आईची वही

आईने कल्याणला मावशीकडे जाणं बंद केलं. ठाकुर्लीहून कल्याण म्हणजे लोकलने एकच स्टेशन! "गुडघे दुखतात," म्हणायची. मग भजन सुटलं, लग्नकार्यं सुटली. दुपारनंतर पाणीही पिईना. शेवटी एकदा मोरीत लपवून वाळत घातलेल्या सुती घड्या दिसल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला लघवी आवरत नव्हती, आणि दोन वर्षं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलासुद्धा!

एका डॉक्टरांकडे नेलं. मान वर न करताच ते म्हणाले, "वय झालं आता आजींचं." झालं! घरी येईपर्यंत आई एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी विचारलं. खोकताना-शिंकताना थेंब जातात, की घाई लागल्यावर संडासापर्यंत पोचता येत नाही? दोन्हींची कारणं वेगळी, उपचारही वेगळे. लघवी तपासली, साखर तपासली, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत पाहिलं. बद्धकोष्ठाचं विचारलं, चालू गोळ्या पाहिल्या. आणि तीन दिवस वही लिहायला सांगितली. किती प्यायलं, कधी गेलं, मापाने किती झाली, कपडे कधी ओले झाले.

आईने वाण्याच्या वहीत मागच्या पानापासून लिहिलं. त्यातून कळलं, की ब्लडप्रेशरची लघवी वाढवणारी गोळी ती रोज संध्याकाळी घेत होती, वर दोन कप चहा! बाईंनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली, चहा कमी केला, पाणी उलट वाढवलं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम तीन महिने नेमाने करायला लावला. अगदी शंभर टक्के बरं नाही, पण गेल्या महिन्यात आई लोकलने कल्याणला जाऊन आली.

माझं म्हणणं एवढंच, की 'वय' हे निदान नव्हे. म्हातारं माणूस आपणहून सांगणार नाही, तेव्हा डॉक्टरांनी विचारायलाच हवं. आणि त्याआधी आपण घरच्यांनी. लोकलच्या डब्यात संडास नाही, त्यामुळे दाबून धरणं आम्हा बायकांच्या अंगवळणीच पडलेलं. 2011 मध्ये मुंबईत 'राइट टू पी' चळवळ सुरू झाली, तेव्हा ते नाव उच्चारायला मीच लाजले होते. मग आईला तरी कुठल्या तोंडाने बोल लावू?

असो. आईला विचारूनच हे लिहिलंय. म्हणाली, "लिही खुशाल. पण तुझ्या मावशीलाही एकदा विचार. तीही हल्ली इकडे येत नाही."