रेडिओ-लहरींची भट्टी आणि आपला बेणेमळा



गेले काही दिवस गटागटांतून आमच्याकडे एकच विचारणा होत आहे. कारखान्याचे उष्णबाष्प संयंत्र जुने झाले, पंखा कुरकुरतो, एका खेपेला अडीच तास जातात; मग त्याऐवजी रेडिओ-लहरींची भट्टी आपल्याच वर्कशॉपमध्ये का बांधू नये? काही सभासदांची शिकलेली मुले पुढे आली आहेत, मोबाईलवर बघून आराखडाही काढला आहे. पोरांच्या उमेदीचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु येत्या आडसालीचे मूलभूत बेणे त्या भट्टीत घालावे, या सूचनेला आमचा विरोध आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. वर्कशॉपात बेअरिंग तापवायचा इंडक्शन हीटर असतो, घरी इंडक्शन शेगडी असते. त्यात वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्राने धातूत वीज फिरते आणि धातू तापतो. ऊस काही धातू नव्हे. उसाला लागते ती जात वेगळी. दोन पत्र्यांमध्ये माल ठेवायचा आणि पत्र्यांवर झपाट्याने उलटसुलट होणारा विजेचा दाब द्यायचा. उद्योगांसाठी राखून ठेवलेली एक कंप्रता २७.१२ मेगाहर्ट्‌झ आहे, म्हणजे सेकंदाला २ कोटी ७१ लाखांवर आवर्तने. या ओढाताणीत रसातले क्षारांचे कण आणि पाण्याचे रेणू हलतात, घासतात, आणि उष्णता मालाच्या आतच उठते. चुलीची धग बाहेरून आत जाते, तसे इथे नाही. प्लायवूडचा सरस आवळायला, प्लास्टिकचे कापड सांधायला, सुताची बॉबिने सुकवायला ही यंत्रे कारखान्यांतून चालतात. तेव्हा वस्तू थोतांड नाही.

पोरांनी दाखला दिला तो लाकडी खोक्यांचा. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी वेष्टनाला आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १५ प्रमाणे साध्या उष्णतेने गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटे द्यावे लागते. लहरींनी तापवले तर ६० अंश, १ मिनिट पुरते. दाखला खरा आहे. पण बंधूंनो, ते लाकूड मेलेले! आपल्याला गवताळ वाढीचा रोग मारायचा आणि त्याच टिपरीचा डोळा जिवंत ठेवायचा आहे. म्हणून तर बाष्पहवेत ५४ अंश, आर्द्रता ९५ ते ९९ टक्के, १५० मिनिटे. आणि गरम पाण्यात ५० अंश, २ तास, अशी मापे ठरली. थोडे वर गेले की उगवण घटते, खाली राहिले की रोग तसाच राहतो.

इथेच लहरींची अडचण आहे. पाणी ५० अंशांवर धरले की टिपरी काही केल्या ५० च्या वर जात नाही. डोळ्याची राखण पाणीच करते म्हणा ना. लहरींत असा राखणदार कोणी नाही. रसाळ गर एका मापाने उष्णता घेतो, पेराजवळचा कडक भाग दुसऱ्या मापाने. कडेची टिपरी एक तापते, मधली दुसरी. रस तापला की त्यातून वीज जास्त वाहते, म्हणजे तापलेला भाग आणखीच तापतो. शिवाय दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, त्यामुळे हात जरा जास्त फिरला तर डोळे भाजलेच समजा. त्या क्षेत्रात साधा धातूचा तापमापक घातला तर तो खोटे वाचन देतो. काचतंतूचा तापमापक लागतो आणि तो महाग.

बरे, वेळ तरी किती वाचेल? टिपरीचा गाभा तापायला या दोन तासांतला थोडाच वेळ लागतो. बाकीचा वेळ रोग मरण्यासाठी त्या तपमानावर धरून ठेवण्याचा आहे. तो कोणत्या यंत्राने कमी होणार?

पोरांचा एक मुद्दा मात्र आम्ही मान्य करतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा गाळप बंद, बॉयलर थंड, वाफ नाही. वीजच वापरावी लागते. पण हिशेब बघा. एक टन बेणे २५ वरून ५० अंशांवर न्यायचे, पाण्याइतकीच उष्णता धरली तर २५,००० किलोकॅलरी. एका युनिटात ८६० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २९ युनिटे. साधे विजेचे कॉइल पाण्यात टाकले तर घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होते. लहरींच्या यंत्रात निम्मी वाटेतच गेली असे धरले, तर ५८ युनिटे. बिल सभासदांच्याच पैशांतून जायचे आहे.

आणि जिवाचे बोलू. या यंत्रात हजारो व्होल्टचा दाब असतो. स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. लहरींचा चटका कातडीखाली खोल जातो. जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून घरी खटपट करणाऱ्यांनी तर हे नीट ऐकावे: त्यात सुमारे २,००० व्होल्ट असतात, आणि ते माणूस मारायला पुरेसे आहेत. जाळीचा बंद पिंजरा, दार उघडताच वीज तोडणारा स्विच आणि जाणता इलेक्ट्रिशियन जवळ असल्याशिवाय या कामाला कुणी हात लावू नये.

मूलभूत बेण्याच्या एका एकरातून पुढे आठ-दहा एकर पायाभूत, त्यातून प्रमाणित, आणि मग ते तुमच्या शेतात. पहिल्या पायरीला रोग राहिला तर तो पांढुरक्या, गवतासारख्या बेटांनी खोडव्यात दिसेल, आणि तोवर गटभर पसरलेला असेल. खोडवा मोडायची पाळी लहान शेतकऱ्यावर येते. यंत्र बांधणाऱ्यावर नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे असे. संयंत्राचा पंखा आणि तपमान-नियंत्रक पावसाळ्यापूर्वी संचालक मंडळाने दुरुस्त करून द्यावा. पोरांनी लहान यंत्र कारखान्याच्या देखरेखीखाली जरूर बांधावे, पण पहिल्यांदा पत्र्यांमध्ये मिठाचे पाणी ठेवून चालवावे. मग एकाच मळ्यातली ६०० टिपरी घ्यावी: २०० लहरींत, २०० बाष्पात, २०० तशीच. शेजारी-शेजारी लावून ४५ दिवसांनी उगवण मोजावी आणि रोगाची बेटे लागणीत व खोडव्यातही मोजावीत. नोंदवही गट कार्यालयात राहील, कोणीही सभासद पाहू शकेल. ज्यांना या चाचणीसाठी ९ ते ११ महिन्यांचे बेणे द्यायचे आहे, त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे नाव लावावे.