जुन्या संगणकाला निरोप नको, उपचार हवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नियमित सुरक्षा-पाठिंबा थांबवला. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अनेक घरांत याची खबरही लागली नाही, कारण दुसऱ्या दिवशी संगणक नेहमीसारखाच सुरू झाला. रक्तदाबाचेही असेच असते. दुखत-खुपत काही नसते, म्हणून माणूस वर्षानुवर्षे तपासणी टाळतो आणि एके दिवशी थेट अतिदक्षता विभागात पोहोचतो. घरच्या संगणकाचा प्रश्न आरोग्याच्या स्तंभात घेण्याचे कारण हेच आहे. ज्या यंत्रावरून मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा तपशील, आधारची प्रत आणि आजोबांच्या तपासणीचे अहवाल हाताळले जातात, त्या यंत्राची प्रकृती ही घराच्या प्रकृतीचाच भाग आहे.

सुरक्षा-पाठिंबा म्हणजे काय, हे लसीकरणाच्या उदाहरणाने लवकर समजते. प्रणालीत कुठे फट सापडली की कंपनी ती बुजवणारा तुकडा पाठवते. ती त्या विशिष्ट धोक्याविरुद्धची लसच. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालये ठप्प केली आणि सुमारे १९ हजार भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी मांडला. यातली खंत वाटावी अशी गोष्ट ही की, त्या फटीवरची 'लस' दोन महिने आधीच, मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ती टोचून घ्यायची राहून गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वरही सायबर हल्ला झाला आणि तिथले नोंदणीचे काम कितीतरी दिवस कागदावर चालवावे लागले. मोठ्या संस्थांची ही गत, तर ज्या घरच्या संगणकाला यापुढे लसच मिळणार नाही, त्याने कोणाच्या भरवशावर राहायचे? विंडोज १०साठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव मुदत आहे. पण तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती मुदतही एक दिवस संपणारच आहे.

अशा वेळी गडचिरोली, अहेरी, राजुरा किंवा ब्रह्मपुरीच्या दुकानात गेलेल्या माणसाला साधारण दोन सल्ले मिळतात. पहिला, नवा संगणक घ्या. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बहुतेक २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी अनेक जुनी यंत्रे एका फटक्यात 'नालायक' ठरतात. धानाच्या किंवा तेंदूपानाच्या हंगामावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला हा खर्च सहज झेपत नाही. दुसरा सल्ला, थोडक्या पैशांत चोरीची प्रत टाकून देतो. हा सल्ला बोगस डॉक्टरच्या सुईसारखा आहे. ताप लगेच उतरतो, पण सुईतून काय गेले ते कळत नाही. चोरीची प्रत 'चालू' करणारी साधने अनेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराचे कुलूप काढून ठेवा, मग आम्ही पहारा देतो, असे म्हणण्यासारखेच ते आहे.

तिसरा मार्ग आहे, तो दुकानात सहसा कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. तो म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम आज जगभरचे हजारो लोक आणि अनेक कंपन्या मिळून पुढे नेतात. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे 'आपल्याला जमेल का?' असे विचारणारा माणूस बहुधा खिशात लिनक्स घेऊनच फिरत असतो.

फुकट म्हणजे हलके, ही शंका जेनेरिक औषधांबाबतही घेतली जाते. इथे मुद्दा किमतीपेक्षा मालकीचा आहे, आणि तो गडचिरोलीच्या माणसाला परक्या उदाहरणाने समजावण्याची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्यानुसार सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते जंगल कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नाही; पण नियम नाहीत असेही नाही. ग्रामसभा ठरवते, बांबू कसा तोडायचा आणि किती ठेवायचा. मुक्त सॉफ्टवेअरचा परवानाही याच जातकुळीचा आहे. वापरा, उघडून पाहा, बदला, शेजाऱ्याला द्या. मात्र तुम्हाला मिळालेला हक्क पुढच्या माणसाचा हिरावून घेऊ नका. भामरागडच्या एका शिक्षकाने तीच प्रत पेन ड्राइव्हवर दहा घरांना दिली, तर ती चोरी ठरत नाही. जिथे तीन जीबीची फाइल उतरवायला रात्र खर्ची पडते, तिथे या एका हक्काचे मोल फार मोठे आहे.

आता निवड. लिनक्स हे मूळ औषधाचे नाव मानले, तर उबुंटू, मिंट, झोरिन, डेबियन ही त्याची वेगवेगळ्या हातांनी बांधलेली रूपे आहेत. 'सगळ्यात चांगले कोणते' यावर जाणकारांत वाद रंगतात. नवशिक्याने त्या वादात पडू नये. औषध निवडताना आधी रोग्याचे वय आणि वजन पाहतात, तसे आधी यंत्र पाहावे. चार जीबी किंवा अधिक मेमरी असेल, तर 'लिनक्स मिंट'चे सिनॅमन हे रूप घ्यावे. त्यात खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे, असा विंडोजसारखाच मांडलेला संसार असतो. मेमरी दोन-तीन जीबीच असेल, तर मिंटचेच हलके 'एक्सएफसीई' रूप बरे. अर्थात ब्राउझरच मेमरी जास्त खातो, हे ध्यानात ठेवून एका वेळी टॅब कमी उघडावेत. मिंटच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत सुरक्षा-तुकडे मिळणार आहेत. थोडे नवे यंत्र आणि बरे इंटरनेट असेल, तर उबुंटू किंवा झोरिनही चालेल. मात्र ज्या घरात संगणक बिघडल्यावर विचारायला जवळ कोणी नाही, तिथे मिंटचाच आग्रह धरावा. त्यात 'टाइमशिफ्ट' नावाची सोय आहे. ती सुरू करून ठेवली की प्रणालीची चित्रप्रत साठत जाते आणि एखादा बदल अंगाशी आला तर कालच्या स्थितीला परतता येते.

देशी पर्यायाचाही विचार व्हायला हवा. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'ने 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली तयार केली आहे आणि भारतीय भाषांसाठी त्यात मेहनत घेतलेली आहे. तिचा अभिमान जरूर असावा. पण पहिल्यांदाच लिनक्स वापरणाऱ्या कुटुंबाने निवड अभिमानावर नव्हे, तर मदतीवर करावी. अडचण आली की तिचे उत्तर सापडण्याची शक्यता जितके वापरणारे जास्त तितकी अधिक, आणि या कसोटीवर मिंट व उबुंटू आज पुढे आहेत.

मराठीचे काय? इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये जोडला की मराठी टंकलेखन सुरू होते. फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस मराठी रूपातही मिळतात. या जिल्ह्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि दोन्हींचे मुक्त फॉन्ट उपलब्ध आहेत. ज्या भाषेची बाजारपेठ लहान, तिच्यासाठी कंपनीच्या मर्जीची वाट न पाहता कामाला लागण्याची मुभा मुक्त प्रणालीत असते.

प्रत्येक औषधाला निषिद्ध स्थिती असते, तशा इथेही आहेत. टॅली चालवणाऱ्या दुकानाने, बोटांचे ठसे घेणारे यंत्र वापरणाऱ्या सेवा केंद्राने, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर ज्यांचे काम अडते त्यांनी आणि विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवरच टायपिंगची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांनी घाई करू नये. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील कागदपत्रे उघडतानाही घोळ होतो. एमएस वर्डची फाइल लिबर ऑफिसमध्ये उघडते, पण तक्ते आणि मांडणी कधी कधी हलते. म्हणून अर्ज पाठवताना पीडीएफ करूनच पाठवावा. प्रिंटरची परीक्षा आधी घ्यावी. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी कंपनीचेच मुक्त सॉफ्टवेअर आहे, काही इतर स्वस्त प्रिंटर मात्र दमवतात. आणि लिनक्स म्हणजे अमृत नव्हे. त्यावर विषाणूंचा त्रास कमी आहे हे खरे. पण फोनवर ओटीपी सांगून टाकणाऱ्याला कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

उपचाराची पद्धत सोपी आहे, क्रम मात्र चुकवू नये. सर्वांत आधी फोटो, दाखले, गुणपत्रिका दुसऱ्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मिंटची फाइल केवळ त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी आणि तिथे दिलेल्या पडताळणी-अंकाशी जुळवावी. पेन ड्राइव्हने हातोहात आलेल्या प्रतीलाही हाच नियम लावावा. मग 'रुफस'सारख्या साधनाने आठ जीबीच्या, रिकाम्या पेन ड्राइव्हवर ती चढवावी. संगणक सुरू होताना एफ१२ किंवा एस्केपसारखी ठरावीक कळ दाबून त्या पेन ड्राइव्हवरूनच तो चालू करावा. यात जुन्या विंडोजला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा, शिष्यवृत्तीचे पोर्टल हे सारे दोन-चार दिवस असेच तपासून पाहावे. समाधान झाले तरच कायम बसवावे, आणि जागा असेल तर सुरुवातीला विंडोजच्या शेजारी बसवावे. 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय शस्त्रक्रियेसारखा आहे. संमती विचारपूर्वक द्यावी. शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, म्हणजे म्हातारे यंत्रही चपळ होते. पारा ४५ अंशांपुढे नेणाऱ्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यापूर्वी पंख्यातली धूळ तेवढी साफ करून घ्यावी.

आता सगळे मोबाइलवर होते, संगणक हवाच कशाला, असाही एक प्रश्न येतो. अर्ज भरण्यापुरते ते खरे आहे. पण प्रकल्प लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, प्रोग्रॅमिंग शिकणे हे बोटभर पडद्यावर होत नाही. गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांची स्पर्धा पुण्या-नागपुरात लॅपटॉपवर हात बसलेल्या मुलांशी आहे. शिवाय 'किविक्स' या मुक्त साधनाने मराठी विकिपीडिया एकदा साठवून घेतला की इंटरनेट नसलेल्या दिवशीही तो वाचता येतो. एटापल्ली-सिरोंचाच्या पावसाळ्यात अशा दिवसांची कमतरता नसते.

टाकून दिलेला संगणक नाहीसाही होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा भंगारात जातो. तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर निघतो आणि शिसे मातीत उतरते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीच नाही. यंत्राचे आयुष्य चार वर्षांनी वाढवणे हा म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचाही निर्णय आहे.

खरी उणीव आहे ती माहितगार हातांची. एमएस-सीआयटीच्या वर्गांत बहुतेकांचा हात विंडोजवर बसला, त्यामुळे शिकवणारेही तेच शिकवतात. हे बदलता येते. केरळने सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले आणि त्यासाठी आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. शेजारच्या छत्तीसगडमध्ये गनियारी येथील 'जन स्वास्थ्य सहयोग'च्या ग्रामीण रुग्णालयात 'बाह्मनी' ही मुक्त रुग्णनोंद प्रणाली आकाराला आली. आदिवासी मुलखातल्या दवाखान्याला जे पेलवते, ते इथल्या महाविद्यालयाला, सार्वजनिक वाचनालयाला आणि गावच्या अभ्यासिकेला का पेलवू नये? महिन्यातला एक रविवार, दोन पेन ड्राइव्ह, एक जाणता विद्यार्थी आणि चार जुनी यंत्रे एवढ्यावर संगणकांचे तपासणी शिबिर भरू शकते. रक्तदाब तपासायला माणसे रांगेत उभी राहतात, तशी एक रांग कपाटावर धूळ खात पडलेल्या संगणकांचीही लागायला हवी. ती विंडोज १०ची वाढीव मुदत संपण्याआधी लागली, तर उत्तम.