इंजिन ठोकू लागले, तर आधी काय करावे?

मे महिना लागला की आपल्या कोकणातल्या बंद घरांची दारे उघडतात. दुबई, कुवेत, मस्कतहून माणसे सुट्टीवर येतात, मुंबईहून मुलाबाळांसह पाहुणे येतात, शाद्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. वर्षभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी बाहेर निघते आणि मग महिनाभर तिला उसंत नसते. आज निकाहसाठी संगमेश्वर, उद्या खरेदीसाठी रत्नागिरी, परवा कुणाला दवाखान्यात दाखवायला साखरप्यावरून आंबा घाटातून कोल्हापूर. याच धावपळीत कधीतरी, भर चढणीवर, बोनेटखालून ठक् ठक् ठक् असा मोठा आवाज येऊ लागतो.

अशा वेळी गाडीत जितकी माणसे तितकी मते. कुणी म्हणते पेट्रोल खराब भरले, कुणी म्हणते गाडी गरम झाली, कुणी म्हणते हळूहळू चल, पुढे गॅरेज आहे. चालवणारा बहुधा घरातला तरुण भाचा-पुतण्या असतो. गाडी परदेशातल्या मामूंच्या कमाईची, त्यामुळे आपल्या हातून काही बिघडले असे त्याला कबूल करवत नाही, म्हणून तोही गाडी रेटत राहतो. इंजिन वाचणार की जाणार हे पुष्कळदा याच दोन-चार मिनिटांत ठरते. म्हणून या महिन्यात त्या दोन-चार मिनिटांविषयी बोलू या.

आधी आवाज कुठून येतो ते समजून घेऊ. इंजिनातला पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड खालच्या क्रँकला गोल फिरवतो. सरळ हालचालीचे फिरण्यात आणि फिरण्याचे सरळ हालचालीत रूपांतर करणारी ही क्रँकची युक्ती फार जुनी आहे. दियारबकरच्या दरबारातले कारागीर अल-जजरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या एका यंत्रात क्रँक वापरल्याचे वर्णन आहे. आपल्या गाडीत हेच काम प्रचंड वेगाने चालते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो.

इतक्या वेगात लोखंडावर लोखंड घासले तर क्षणात वितळेल. तसे होत नाही, कारण रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये बेअरिंग असते आणि बेअरिंग व क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा पापुद्रा असतो. तो माणसाच्या केसाहूनही कितीतरी पातळ असतो, पण पंपाच्या दाबामुळे टिकून राहतो. ऑइल संपले, पंप बिघडला किंवा ऑइल जुने होऊन पाण्यासारखे झाले, की हा पापुद्रा फाटतो. बेअरिंग झिजते, फट पडते आणि प्रत्येक फेऱ्याला रॉड क्रँकवर हातोड्यासारखा आदळतो. मेकॅनिक ज्याला ‘इंजिन ठोकतंय’ म्हणतात, त्याचा सर्वांत गंभीर प्रकार हा.

परंतु प्रत्येक ठोका हा रॉडचा नसतो. डॉक्टर जसे विचारतात, दुखते कुठे, केव्हापासून, काय केल्यावर वाढते, तसेच इथेही विचारावे.

चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खळखळाट होतो आणि पाय उचलताच थांबतो, तर तो पेट्रोल वेळेआधी, भलत्या ठिकाणी पेटण्याचा आवाज. याला पिंगिंग म्हणतात. घाटात गिअर खाली घ्या, बहुतेक वेळा तो जातो. इंजिन जास्त तापणे, आत कार्बन साचणे, नॉक सेन्सर बिघडणे ही त्याची कारणे. वारंवार होत असेल तर मेकॅनिकला दाखवावे, कारण दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टन खराब होतो.

सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या बाजूने हलका टिक-टिक आवाज येतो आणि काही सेकंदांत बंद होतो, तर बहुतेक वेळा ऑइल वर पोहोचायला लागलेला तो वेळ असतो. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत हे नेहमीचे. आवाज टिकून राहिला तर व्हॉल्व्हचे टॅपेट तपासावे आणि त्याआधी ऑइलची पातळी पाहावी.

थंड इंजिनात पोकळ, बोदा ठोका येतो आणि इंजिन गरम झाल्यावर मावळतो, तर झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असतो. गाडी जुनी झाल्याची ती खूण आहे, पण त्याच दिवशी घाबरण्याचे कारण नाही.

खालच्या बाजूने जड, खोल, घणाचे घाव पडल्यासारखा आवाज येतो, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो, गरम झाल्यावर कमी न होता जास्तच होतो, आणि सोबत ऑइलचा लाल दिवा लागतो, तर तो रॉडचा किंवा क्रँकच्या बेअरिंगचा ठोका समजावा. इथे एक मिनिटही चालवू नये.

थोडे गणितही उपयोगी पडते. व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला पडणारा खालचा ठोका सेकंदाला १३ वेळा पडतो आणि एका टॅपेटची टिक-टिक सहा-सात वेळा. कान सरावलेला मेकॅनिक या लयीवरूनच अर्धे निदान करतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरणारे उस्ताद तुम्ही पाहिले असतील. डॉक्टरचा स्टेथोस्कोप वेगळे काय करतो?

कधी कधी इंजिन निर्दोष असते आणि शेजारीच गुन्हेगार असतो. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सुटतो, इंजिनाचे माउंटिंग फाटते, बेल्टचा टेन्शनर किंवा अल्टरनेटरचे बेअरिंग जाते. सुरू किंवा बंद करताना एकच धाडकन ठोका येत असेल, तर माउंटिंगकडे पाहावे. एसी चालू करताच आवाज येतो आणि बंद करताच जातो, तर कॉम्प्रेसरकडे. म्हणून कुणी नुसते ऐकून ‘इंजिन उघडावे लागेल’ म्हणाले, तर या बाहेरच्या गोष्टी तपासल्या का, असे अदबीने पण जरूर विचारावे.

आता ती दोन-चार मिनिटे. आवाज सुरू झाला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, इंडिकेटर द्या, वळण टाळून सरळ, मोकळ्या जागी गाडी कडेला घ्या आणि मगच इंजिन बंद करा. घाटात चालत्या गाडीचे इंजिन कधीही बंद करू नये. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, मुलांना दरीच्या नव्हे तर डोंगराच्या बाजूला, रस्त्यापासून दूर उभे करा.

पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढा. पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर कारण बहुधा सापडले. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे; गाडी सुरू करू नका. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. ओढणी, दुपट्टा, बुरख्याची बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो.

ऑइलचा लाल दिवा अलादीनच्या चिरागासारखा दिसतो, म्हणून मुलांना तो लगेच ओळखता येतो. मात्र एक गैरसमज काढून टाकावा. हा दिवा ऑइल किती उरले ते सांगत नाही, ऑइलचा दाब गेला हे सांगतो. तो लागेपर्यंत वाट पाहणे म्हणजे ताप मोजायचे सोडून रुग्ण बेशुद्ध होण्याची वाट पाहणे.

आमच्या ओळखीतले एक कुटुंब अम्मींना तपासणीसाठी कोल्हापूरला नेत होते. साखरपा सोडून घाट लागला आणि खालून घणघण सुरू झाली, दिवाही लागला. ‘वर आंब्यापर्यंत तरी चल,’ असे मोठी माणसे म्हणत होती. गाडी चालवणाऱ्या विशीतल्या भाच्याने ऐकले नाही. ‘मामू, नाराज व्हा, पण मी पुढे नेणार नाही,’ म्हणून त्याने गाडी कडेला लावली. डिपस्टिकला ऑइलचा थेंब नव्हता. आदल्या आठवड्यात ऑइल बदलताना खालचा नट नीट आवळला गेला नव्हता. अम्मींना मागून आलेल्या एसटीने पुढे पाठवले, गाडी टोचन करून खाली आणली. बेअरिंग बदलावी लागली, क्रँक वाचला. आणखी काही किलोमीटर रेटली असती, तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता, आणि वळणावर इंजिन जाम झाले असते तर गोष्ट पैशांपुरती राहिली नसती. मामूंनी नंतर त्या मुलाची पाठ थोपटली. घरातल्या लहानाने ‘थांबू या’ म्हटले तर ते ऐकण्याची सवय मोठ्यांनाही हवी.

पावसाळ्याचा ठोका वेगळा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. आपल्या संगमेश्वरच्या बाजारपेठेलाही शास्त्री आणि सोनवी नद्यांचे पाणी नवीन नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला किंवा भरल्या पाण्यातून गाडी घातली आणि एअर फिल्टरमधून पाणी आत गेले, तर पिस्टन पाण्यावर आपटून रॉड वाकतो. पूर ओसरल्यावर ‘चालू होते का पाहू’ म्हणून किल्ली फिरवणे, हीच महागडी गोष्ट. बुडालेली गाडी सुरू न करता टोचन करून न्यावी आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे.

हल्ली प्रत्येक आवाजाचा दोष पंपावरच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला दिला जातो. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याने खराब होऊ शकतात, मायलेज थोडे घटते, आणि इथेनॉल दमट हवेतले पाणी शोषते, म्हणून वर्षभर उभ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल ठेवणे बरे नाही. पण इथेनॉलचा ऑक्टेन अंक साध्या पेट्रोलपेक्षा जास्त आहे. त्यामुळे पिंगिंग वाढत नाही, उलट कमी व्हायला मदत होते. कारण दुसरीकडे शोधावे.

या पिंगिंगची जगाने फार मोठी किंमत मोजली आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून हा आवाज बंद केला. इंजिने शांत झाली, पण धुरातून शिसे हवेत गेले आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याने इजा केली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात. आवाज दाबणे आणि कारण दूर करणे यांत केवढा फरक असतो, ते यातून दिसते. म्हणूनच ठोका ऐकू येऊ नये म्हणून घट्ट ऑइल किंवा बाटलीतले कसलेसे औषध ओतून गाडी विकणाऱ्यांपासून सावध राहावे. जुनी गाडी घेताना इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी जाऊन, पहिली किल्ली आपल्यासमोर फिरवायला सांगावी.

मेकॅनिककडे जाताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून न्या. आवाज थंड इंजिनात येतो की गरम, चढावर की उभ्या गाडीत, ऑइल शेवटचे कधी बदलले, हे लिहून द्या. इंजिन उघडण्यापूर्वी गेज लावून ऑइलचा दाब मोजायला सांगा. एकेक सिलिंडर बंद करून कोणत्या सिलिंडरला ठोका कमी होतो हेही पाहता येते. मात्र नव्या डिझेल गाड्यांत इंजेक्टरचा पाइप ढिला करून पाहण्याची जुनी पद्धत कुणालाही वापरू देऊ नका. आपल्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास दाब असतो, या पाइपांत तो हजार बारच्या वर जातो. ती धार कातडी भेदून आत जाते. तिथे स्कॅनरच हवा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि बदललेले भाग परत मागा. झिजलेले बेअरिंग हातात घेतले की तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

गाडी कमी चालली तरी ऑइल वर्षातून एकदा बदलावे. आणि येत्या रविवारी गाडी सपाट जागी लावा, बोनेट उघडा, मुलामुलींना जवळ बोलवा. डिपस्टिक कोणती, खुणा कुठे, हे त्यांच्याच हाताने तपासू द्या. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी लागते ती फक्त एक जुनी सुती चिंधी.