डाव्या पायाला काम नसलेली बस

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ला स्टेशनहून अंधेरीला निघालेली बेस्टची ३३२ क्रमांकाची बस एस. जी. बर्वे मार्गावर माणसांना आणि गाड्यांना चिरडत गेली. नऊ जीव गेले, चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. बस १२ मीटर लांबीची, विजेवर चालणारी, कंत्राटदाराच्या मालकीची. चालकाने अशी बस हाती घेतली होती त्याच महिन्याच्या १ तारखेला; त्याआधी तो मिनीबस चालवत असे. त्याच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील. पण अशी बस चालवायला आपण कोणते लायसन पुरेसे मानतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मध्यम आणि जड, माल आणि प्रवासी असे चार वेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते जाऊन 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग आला. वयाची २० वर्षे पूर्ण, वर्षभर हलक्या वाहनाचे पक्के लायसन, डॉक्टरचा दाखला, मग कच्चे लायसन, चाचणी, प्रवासी वाहन असेल तर बॅज. एवढे झाले की मिनीबस काय आणि १२ मीटरची बस काय, कायद्याच्या लेखी वर्ग तोच. याच कायद्यात बिनगिअरची स्कूटर आणि गिअरची मोटारसायकल यांचे वर्ग मात्र वेगळे आहेत!

कुर्ल्याच्या महिनाभर आधी, ६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनाला हलक्या वाहनाचे लायसन चालेल असा निर्णय दिला. टॅक्सी-टेम्पोवाल्यांसाठी तो न्यायाचाच होता. तो प्रश्न वजनाचा होता, यंत्राचा तसाच राहिला.

वर्षानुवर्षे गिअरची गाडी चालवलेल्या माणसाचा डावा पाय गर्दी दिसताच आपसूक क्लचकडे जातो. विजेच्या या बसमध्ये तिथे काहीच नसते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाचे. वेग वाढला हे कानाला सांगणारे इंजिन नाही, आणि पेडल दाबताच मोटरचा जोर थेट चाकांना मिळतो. अंगवळणी पडलेली सवय दोन-चार दिवसांत सुटत नाही, आणि घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षा, फेरीवाले आणि रस्त्यावर उतरलेली रांग यांच्यामधून बस काढताना तर चुकीला जागाच नसते.

लायसनवर अशा बसची वेगळी नोंद आणि तिच्यावरच चाचणी हवी. त्यासाठी केंद्राला कायदा बदलावा लागेल, वेळ जाईल. बेस्टला मात्र थांबण्याचे कारण नाही. कंत्राटदाराचा चालकही बेस्टच्या प्रशिक्षकांनी पारखल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही, आणि शिकण्याच्या दिवसांचा त्याचा पूर्ण पगार कंत्राटदारच देईल, ही अट करारात घालणे बेस्टच्याच हातात आहे.