घर काटकसरी झाले, माणसांचे काय?



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या लेकी-सुना आता थंड देशांत राहतात. फोनवर तिथल्या नव्या घरांचे कौतुक हमखास निघते. "मावशी, बाहेर बर्फ आहे आणि घरात हीटर जेमतेम चालू आहे," असे जर्मनीतली माझी भाची सांगते. ते खरेच आहे. पण या घरांची तुलना ज्या मापाने होते, ते माप मला अपुरे वाटते.

आधी घरांचे श्रेय घरांना देऊ. 1991 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात एका ओळीतल्या चार घरांत कुटुंबे राहायला आली. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही पहिली 'पॅसिव्ह हाउस'. तत्त्व आपल्या थर्मासचे. भिंतींना ऊब अडवणारा जाड थर, खिडक्यांना तीन काचा, फटी बंद. बाहेर जाणारी हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते. माणसांच्या अंगची, स्वयंपाकाची आणि उन्हाची ऊब बरेचसे काम भागवते. अशा घराला उबेसाठी वर्षाकाठी चौरस मीटरमागे 15 युनिटच्या आसपासच ऊर्जा लागावी, असा दंडक आहे. जुन्या, थर नसलेल्या घरांना 200 युनिटही लागतात. फरक केवढा मोठा!

आता हिशोब जरा वेगळा मांडू. 200 चौरस मीटरच्या पॅसिव्ह घरात दोघेच राहतात. 15 च्या दराने वर्षाला 3000 युनिट, म्हणजे माणशी 1500. शेजारी 60 चौरस मीटरच्या साध्या घरात चौघे राहतात. तिथे दर 50 युनिट धरला, तरी एकूण 3000 च होतात आणि माणशी 750. कागदावर पहिले घर तिपटीहून चांगले, पण माणशी खर्च दुसऱ्या घरात निम्मा.

दुसरी गोष्ट आंघोळीची. मिनिटाला 10 लिटरचा शॉवर 10 मिनिटे चालला, की 100 लिटर पाणी जाते. ते 10 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण साडेतीन युनिट लागतात. रोज एकाने अशी आंघोळ केली, तर वर्षाला पावणेतेराशे युनिट! 100 चौरस मीटरच्या पॅसिव्ह घराची वर्षभराची ऊब 1500 युनिटांत होते. तेच पाणी 20 लिटरच्या बादलीत घेतले, तर वर्षाला अडीचशेच्या आसपास. बादली-तांब्याला जुनाट म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

तिसरी गोष्ट राहणाऱ्यांची. 1970 च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टनच्या संशोधकांनी एकसारखी घरे तपासली. भिंती त्याच, हवामान तेच, तरी एका घराचा खर्च दुसऱ्याच्या दुपटीपर्यंत जात होता. उलट, 2012 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जर्मन घरांविषयी दाखवले, की लोक हिशोबाने निघणाऱ्या आकड्यापेक्षा सरासरी 30 टक्के कमी ऊर्जा वापरतात. घर जितके गळके, तितकी माणसे हात आखडून राहतात.

म्हणून मला वाटते, खरा हिशोब माणशीच व्हावा. आपले भोगोपभोग परिमाण व्रत नेमके हेच सांगते. वस्तू किती चांगली, हे ते विचारत नाही; मी किती वापरणार, याची मर्यादा ते घालायला लावते. अग्नी आणि पाणी या दोन्हींत जीव मानणाऱ्या आपल्याला यात नवे काहीच नाही. थंडीत घर उबदार ठेवणे ही गरज आहे. रिकाम्या खोल्या तापवणे आणि गरम पाणी वाहू देणे हा अनर्थदंड आहे.

चांगले घर जरूर घ्यावे. पण परदेशातल्या लेकीला पुढच्या वेळी "घर किती काटकसरी?" एवढेच विचारू नका. "वर्षाला माणशी किती युनिट?" हेही विचारा. मग आपल्या गीझरकडे बघून तोच प्रश्न स्वतःलाही विचारा. उत्तर मला जरूर कळवा.