झूम घ्यावी की प्राइम?

चातुर्मास जवळ आला की अनेक घरांत कॅमेऱ्याच्या नव्या लेन्सचा विषय निघतो. प्रवचने, तपस्वींची पारणी, रथयात्रा, पुढे दिवाळी आणि लग्नसराई. हौशी छायाचित्रकाराचा हंगाम हाच. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स तोवर अपुरी वाटू लागलेली असते आणि दुकानदार १८ ते २०० मिलिमीटरची मोठी झूम पुढे करतो. एकाच लेन्समध्ये सर्व काही, हा युक्तिवाद व्यापारी मनाला चटकन पटतो. तो तपासून घेतलेला बरा.

झूम लेन्सचे नाभीय अंतर बदलता येते, म्हणजे जागेवरून न हलता दूरचे जवळ दिसते. प्राइम लेन्सचे अंतर एकच. चौकट बदलावयाची तर आपणच पुढेमागे व्हावे लागते. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ साली बाजारात आली. ती आल्यानंतरही आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार प्रामुख्याने ५० मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर विसंबून राहिला.

परंतु खरा प्रश्न अंतराचा नसून प्रकाशाचा आहे, आणि आपल्या समाजात तो अधिकच. उपाश्रयात किंवा स्थानकात फ्लॅश वापरणे बहुधा वर्ज्य असते. विजेच्या प्रकाशात अग्निकाय जीवांची विराधना होते, अशी अनेक साधु-साध्वींची धारणा आहे. छायाचित्रास अनुमती मिळालीच, तरी ते खिडकीतून येणाऱ्या उजेडावरच घ्यावे लागते. (जुन्या फिल्मवरील थर प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचा असे, डिजिटल कॅमेऱ्याने निदान तेवढा प्रश्न मिटविला.) साधी झूम ५५ मिलिमीटरवर नेली की तिचे छिद्र फार तर एफ ५.६ इतके उघडते. ५० मिलिमीटरची साधी प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. ५० मिलिमीटरवर हिशेब केला, तर पहिल्या छिद्राचा व्यास सुमारे ९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा २८ मिलिमीटर भरतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने प्रकाश जवळजवळ दहापट. झूमला जेथे एक दशांश सेकंद लागतो, तेथे प्राइमला एक शतांश पुरतो. एक दशांश सेकंदात बोलणाऱ्याचा हात पुसट होतो. कंपन रोखणारी यंत्रणा आपला हात सावरते, समोरच्याचा नव्हे.

याउलट श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक घ्यावा. बारा वर्षांनी येणारा हा सोहळा २०१८ साली झाला. ५७ फुटांची मूर्ती, ठरवून दिलेली जागा आणि सभोवार गर्दी. तेथे पुढे जाणे अशक्य आणि दिवसा उजेड भरपूर, झूमच हवी. रथयात्रेतही तसेच. गुलाल उडत असताना लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्याच्या आत धुळीला आमंत्रण.

प्राइम घेणाऱ्यांची एक ठरलेली फसगत होते. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स त्यांवर ७५ ते ८० मिलिमीटरसारखी वागते. दिवाणखान्यात भिंतीला पाठ टेकवूनही चार माणसे चौकटीत मावत नाहीत. घरगुती वापरास ३५ मिलिमीटरची अधिक सोयीची. शिवाय एफ १.८ वर स्पष्टतेची खोली फारच थोडी असते. लग्नातील दोन रांगांच्या समूहचित्रात पुढचे आजोबा स्पष्ट आणि मागचे जावईबापू धूसर, असा प्रसंग ओढवतो. अशा वेळी छिद्र एफ ८ च्या आसपास आणावे.

खरेदीपूर्वी वही तपासावी, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. येथे वही कॅमेराच ठेवतो. प्रत्येक चित्राबरोबर त्याचे नाभीय अंतर आणि छिद्र नोंदलेले असते. गेल्या वर्षातील दोनशे चित्रे संगणकावर उघडून ते आकडे लिहून काढावेत, तासाभराचे काम. बहुसंख्य चित्रे १८ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यानची आणि घरातील निघाली, तर २०० मिलिमीटरची झूम म्हणजे अडकून पडलेले भांडवल. अशा घरी असलेली छोटी झूम ठेवून ३५ मिलिमीटरची एक प्राइम जोडावी, हेच उचित.

जुनी लेन्स घेण्यास हरकत नाही. मात्र ती उजेडाकडे धरून आतून निरखावी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी होय, आणि तो सौदा तेथेच सोडावा. आपली लेन्सही पावसाळ्यात चामडी पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी.