गुरगुरणाऱ्या कुत्र्यास मारू नका

आदिलाबाद जिल्ह्यात कापसाच्या रानाची आणि घराची राखण करण्यासाठी कुत्रे बाळगतात. पुष्कळ घरी ते दिवसभर साखळीने बांधलेले असते. खेळता खेळता मूल त्याच्या भाकरीजवळ जाते, ते गुरगुरते आणि धनी काठी उचलतो. पुढील अनर्थाचे मूळ या काठीत आहे, असे आम्हांस वाटते.

गुरगुरणे हा कुत्र्याचा इशारा होय. माराने तो इशारा बंद पडतो, मनातील भीती मात्र वाढते. मग एके दिवशी ते आवाज न करता चावते. कुत्रे बहुधा भीतीने, वेदनेने किंवा अन्नाच्या व पिलांच्या रक्षणासाठी अंगावर येते. बांधलेल्या कुत्र्यास पळून जाण्याची वाटच नसते.

म्हणून त्यास रोज फिरवून आणावे व निवांत जागी खाऊ घालावे. धन्याने दुरून एखादा चांगला तुकडा टाकीत जावे, म्हणजे माणूस घास हिरावून घेण्यास येत नाही, हे त्यास हळूहळू कळते. शांत कुत्रे एकाएकी चावरे झाले, तर पशुवैद्यास दाखवावे. कानातील जखमही त्यास कारण असू शकते. रेबीजची लस दरवर्षी टोचावी.

मुलांस शिकवावे की, खाणाऱ्या, निजलेल्या वा पिले असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. अंग ताठ, नजर रोखलेली व ओठ वर उचललेला दिसल्यास थांबावे. न पळता, न ओरडता हळूहळू मागे सरावे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेठेत भटक्या कुत्र्यांच्या टोळीने चार वर्षांच्या बालकाचा जीव घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने नवे नियम काढले. त्यांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करविणे हे स्थानिक संस्थांचे काम आहे. ग्रामस्थांनी पंचायतीकडे त्याचा आग्रह धरावा.

इतके करूनही कुत्रे चावलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना किंवा मिरची लावू नये, मंत्र-गंड्यात वेळ दवडू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा व लशीची प्रत्येक मात्रा नेमल्या दिवशी घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी बहुधा वाचत नाही; वेळीच घेतलेल्या लशीने मात्र वाचतो.